कंसातला शब्द

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, युरोपातल्या एका बंदरावर उन्हाच्या क्रीमची एक खेप अडवण्यात आली. माल नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यातून गेला होता. तिकडच्या आयातदाराच्या ईमेलमध्ये कारण एका ओळीत दिलं होतं. लेबल नियमाप्रमाणे नाही, एवढंच.

कारखाना माझ्या थोरल्या बहिणीचा आणि तिच्या नवऱ्याचा होता. मी नगरमध्येच एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. दुपारी ताईचा फोन आला. इंग्रजी मजकूर आहे, तू एकदा वाचून जा, असं ती म्हणाली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं असं नाही. तिला आणखी कुणीतरी वाचायला हवं होतं.

ताई रसायनशास्त्राची पदवीधर. लग्नाआधी आणि नंतरही ती वसाहतीतल्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात होती. दाजी त्या वेळी औषधांचे विक्री प्रतिनिधी होते. मोटारसायकलवर बॅग बांधून जामखेडपासून राजूरपर्यंत जिल्ह्यातली सगळी मेडिकल दुकानं त्यांनी पालथी घातलेली होती. दोघांनी मिळून एक शेड भाड्यानं घेतली. आधी टाचांच्या भेगांवरचं मलम केलं. ते चाललं. मग उन्हाचं क्रीम केलं. परवान्यावर तंत्रज्ञ म्हणून ताईचं नाव होतं. कामाला सहा बायका होत्या. मलम ढवळायचं एक मोठं भांडं, ट्यूब भरायचं एक मशीन आणि ट्यूबचं शेपूट दाबून बंद करायचं दुसरं, एवढाच कारखाना.

उन्हाच्या क्रीममध्ये झिंक ऑक्साईड असतं. ते पांढरं असतं आणि लावल्यावरही पांढरंच राहतं. पहिली ट्यूब बायकांनी शेडमध्येच एकमेकींना लावून पाहिली होती, तेव्हा पीठ चाळून आल्यासारख्या दिसतोय म्हणून त्या बराच वेळ हसत होत्या. दुकानदारही तेच सांगत. माल चांगला आहे, पण चेहरा भिंतीसारखा होतो.

त्या सुमारास बाजारात नॅनो हा शब्द सगळीकडे आला होता. खताच्या बाटलीवर होता, पाण्याच्या टाकीवर होता, भिंतीच्या रंगावर आणि बुटाच्या पॉलिशवरही होता. दाजींनी तो ट्यूबवर घ्यायचं ठरवलं. ताईनं विरोध केला. आपली पावडर साधी आहे, तिचा कण मोठा आहे, म्हणून तर ती पांढरी दिसते, हे तिनं समजावून सांगितलं. दाजींचं उत्तर मी तेव्हा ऐकलं होतं.

“अगं, शब्द हाय तो. अंगाला थोडाच लागतोय?”

ताईनं ऐकून घेतलं. नवीन ट्यूब आली तिच्यावर पुढच्या बाजूला मोठ्या सोनेरी अक्षरांत नॅनो असं छापलेलं होतं. क्रीम तेच होतं. दुकानदारांनी जास्त माल उचलला. परवान्याच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं भांडी आणि नोंदी पाहिल्या. त्या शब्दाबद्दल त्यानं काही विचारलं नाही. हा शब्द लिहिण्याची आपल्याकडे सक्ती नाही आणि मनाईही नाही, असं ताईनं मला नंतर सांगितलं.

आयातदार त्यांना पुण्यातल्या एका प्रदर्शनात भेटला. त्याला क्रीम आवडलं, पण पांढरेपणा नको होता. तिकडचे लोक लावल्यावर न दिसणारं क्रीम मागतात, असं तो म्हणाला. त्यासाठी ताईनं गुजरातमधल्या एका पुरवठादाराकडून वेगळी, फार बारीक पावडर मागवली. पोतं दिसायला मोठं आणि उचलायला हलकं होतं. उघडलं की पावडर हवेत उठायची आणि लवकर खाली बसायची नाही. ताईनं शेडमधला पंखा बंद करायला लावला, बायकांना मास्क दिले आणि पोतं स्वतःच्या हातानं उघडायची पद्धत ठेवली. मास्क लावून बोललेलं कळत नाही, अशी बायकांची तक्रार असे.

या पावडरीचं क्रीम खरोखर दिसत नव्हतं. जामखेडकडची एक बाई भरणीच्या मशीनवर होती. तिनं मनगटावर ते चोळलं, हात उजेडाकडे धरून पुढूनमागून पाहिला आणि ताईला विचारलं, “ताई, लावल्यावर दिसतच न्हाई. मग लावलंय हे कसं कळायचं?”

लावणाऱ्याला माहीत असतं, असं ताई म्हणाली.

म्हणजे परिस्थिती अशी होती. इथे विकल्या जाणाऱ्या ट्यूबवर नॅनो लिहिलेलं होतं आणि आत तसं काही नव्हतं. परदेशी जाणाऱ्या ट्यूबमध्ये ते खरोखर होतं.

त्या सोमवारी मी शेडवर पोचलो तेव्हा दाजी दारातच उभे होते. “या पेपरवाले,” ते म्हणाले, “तुमच्या सरकारनं गाव बदललं आन् आमची खेप बुडवली.”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटत होतं. परवाना जुना होता, त्यावर अहमदनगर होतं. लेबल नवं होतं, त्यावर अहिल्यानगर. नाव बदलल्यापासून शहरात सगळ्यांचं हेच चाललं होतं. बँकेत, शाळेच्या दाखल्यावर, जमिनीच्या कागदांवर कुठेतरी एक नाव आणि कुठेतरी दुसरं. त्यामुळे लेबल नियमाप्रमाणे नाही म्हटल्यावर शेडमध्ये कुणालाच दुसरं कारण सुचलं नाही. ताईलाही नाही. घटकांची ओळ तिनं स्वतः लिहून दिली होती. तिला तिची खात्री होती.

मी नामांतराच्या राजपत्राची प्रत मिळवली. तिचं इंग्रजी भाषांतर केलं. कोर्टासमोरच्या नोटरीकडून त्यावर शिक्का घेतला. नोटरीनं सांगितलं की या महिन्यात हेच काम सगळ्यात जास्त येतंय. दाजींनी दोन्ही नावं एकाच जिल्ह्याची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. सगळं स्कॅन करून पाठवलं आणि मूळ प्रती कुरिअरनं रवाना केल्या. त्यात तो आठवडा गेला. दाजी रोज सकाळी शेडवर आल्यावर पहिल्यांदा मोबाईल उघडत आणि काही नसलं की बायकांना उद्देशून म्हणत, आपलं गाव अजून त्यांच्या नकाशावर सापडंना. बायका हसत.

आयातदाराचं उत्तर पुढच्या आठवड्याच्या मध्याला आलं. गावाच्या नावाचा प्रश्नच नव्हता. तपासणी करणाऱ्यांनी एक ट्यूब प्रयोगशाळेत पाठवली होती. त्यातल्या झिंक ऑक्साईडचा कण शंभर नॅनोमीटरच्या आत निघाला. तिकडच्या नियमाप्रमाणे सौंदर्यप्रसाधनात असा घटक असेल, तर घटकांच्या यादीत त्याच्या नावापुढे कंसात नॅनो हा शब्द छापावा लागतो. लेबलवर तो नव्हता.

मी मजकूर मोठ्यानं वाचला. ताईनं कपाटातून शिल्लक ठेवलेली एक ट्यूब काढली, उलटी केली आणि मागची ओळ वाचली. झिंक ऑक्साईडनंतर स्वल्पविराम होता. तिनं ट्यूब दाजींच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

दाजींनी लगेच सांगितलं. लपवण्यासारखं काही केलं आहे असं त्यांना तोवर वाटलंच नव्हतं. लेबलचा मजकूर छपाईला गेला आणि त्याच दिवसांत आमच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ताई त्यांच्याजवळ जामखेडला गेली. छापखान्यानं शेवटचं प्रूफ दाजींकडे पाठवलं. त्याच सुमारास आयातदाराचा ईमेल आला होता की वेष्टणावर जाहिरातीचा एकही शब्द नको, आमच्याकडे त्याला पुरावा मागतात. दाजी प्रूफ घेऊन बसले. हर्बल काढलं. दीर्घकाळ टिकणारं काढलं. मग उलट्या बाजूला, घटकांच्या ओळीत त्यांना तो शब्द दिसला. तोही काढला.

“मला वाटलं, ही आपली फुशारकी हाय,” ते म्हणाले. “आपुन हितं लावतो तशी. त्यांनी नको म्हनलेलं, म्हनून काढली.”

“ते कंसात होतं,” ताई म्हणाली. “फुशारकी कंसात कोण लिहितं?”

ताई जामखेडहून परतली तेव्हा ट्यूब भरून खोक्यांत बंद झाल्या होत्या. तिनं क्रीमचा नमुना तपासून पाठवणीला मंजुरी दिली होती. लेबल तिनं आधीच तपासलेलं होतं, म्हणून पुन्हा पाहिलं नाही.

पुढचे काही दिवस मी कामावर जायच्या आधी नियम वाचत होतो. नियम सगळ्यांसाठी उघडे आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारानुसार कोणत्याही देशाला परदेशी माल मनाला येईल तसा अडवता येत नाही. मात्र स्वतःच्या कारखानदारांना जी लेबलची अट आहे, तीच अट बाहेरच्यांना घालता येते. अशी नवी अट घालायची असेल तर इतर सदस्य देशांना आधी कळवावं लागतं आणि हरकतींसाठी मुदत द्यावी लागते. त्या सूचना इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. हरकती पोचवण्यासाठी आपल्याकडे दिल्लीत कार्यालय आहे. मी फोन केला. तिथल्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की हाच नियम तिकडच्या कंपन्यांनाही आहे का. आहे, असं मी सांगितलं. मग यात तक्रार काय, असं त्यानं विचारलं. मी फोन ठेवला. नगरच्या वसाहतीतल्या कारखानदारांच्या संघटनेत मी चौकशी केली. अशा सूचना येतात, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं.

मी एक बातमी लिहिली. कुणाचं नाव न घालता, अडवलेली खेप आणि नियम एवढंच. छापण्याआधी ताईला दाखवली. तिनं ती पूर्ण वाचली आणि परत दिली.

“नियम चूक आहे असं यातनं वाटतंय,” ती म्हणाली. “नियम बरोबर आहे. अंगाला काय लावतोय ते माणसाला कळायला नको? तो शब्द मीच लिहिला होता.”

ती बातमी छापली गेली नाही.

आयातदारानं एक वाट सुचवली होती. तिकडच्या देखरेखीखाली प्रत्येक ट्यूबवर दुरुस्तीचं स्टिकर लावता येईल, अशी परवानगी मिळण्यासारखी होती. मात्र अडवलेला माल बंदरात ठेवण्याला ठरावीक मुदत होती. खेप सुटली तर पुढची मागणी मिळणार होती आणि शेड चालू राहणार होती. नाही सुटली तर दोन्ही गोष्टी संपणार होत्या. हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. बायकांनाही ताईनं एकत्र बसवून सांगितलं होतं.

घटकांची पूर्ण ओळ नव्यानं छापून घेतली. या वेळी प्रूफ ताईनं छापखान्यात उभं राहून वाचलं. दाजी बाहेर मोटारसायकलवर बसून राहिले. स्टिकरचे ताव शेडवर आले तेव्हा बायकांनी ते मोजून, कोपरे सरळ करून गठ्ठे बांधले. भरणीच्या मशीनवरच्या बाईला यात नवं काय आहे ते पाहायचं होतं. ताईनं कंसातला शब्द दाखवला. बाईनं पुढच्या टेबलावरची देशी ट्यूब उचलून शेजारी धरली. “हितं एवढा मोठा, आन् तितं मुंगीएवढा,” ती म्हणाली.

स्टिकर पोचले. मग तिकडून पुढची मागणी आली. नुसता शब्द पुरेसा नव्हता. आता कणाच्या मापाचा दाखलाही हवा होता, पावडर बनवणाऱ्याचा किंवा मान्य प्रयोगशाळेचा.

पावडरीच्या पोत्यावर अतिसूक्ष्म प्रत, एवढंच लिहिलेलं होतं. माप नव्हतं. ताईनं पुरवठादाराला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. तो तुटक मराठीत, अदबीनं बोलत होता. दाखला पाहिजे म्हटल्यावर त्यानं तिला एकच प्रश्न विचारला.

“मॅडम, तुम्हाला नॅनो आहे असं लिहून पाहिजे, की नाही असं?”

आहे ते लिहून पाहिजे, असं ताई म्हणाली. तो म्हणाला की दोन्ही प्रकारचे दाखले जातात, ज्याला जसं लागतं तसं. ही पावडर आम्ही मोजत नाही, चाळून देतो. ताईनं आभार मानून फोन बंद केला. दाजी म्हणाले, घेऊन टाक आहे म्हणून, खरंच तर आहे. तिनं तो दाखला मागवला नाही. तिकडे असले दाखले चालत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर दोघांचं बोलणं वाढलं. बायका जेवणाचे डबे घेऊन शेडच्या बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. मीही बाहेर आलो. आतून दाजींचा आवाज येत होता. माझ्या हातनं झालं म्हणून आता रोज तोंडावर मारनार हायेस का, असं ते विचारत होते.

नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत दिला. तिथे आधीचे नमुने रांगेत होते. ताई दर दोन-तीन दिवसांनी फोन करायची आणि प्रत्येक वेळी स्वतःची ओळख पहिल्यापासून सांगायची. या काळात शेडमध्ये भेगांच्या मलमाचं थोडं काम चालू होतं. दोन बायका दुसऱ्या कारखान्यात गेल्या. ताईनंच त्यांना तिथे सांगून ठेवलं होतं.

अहवाल आला. बहुतेक कण शंभर नॅनोमीटरच्या आत होते. म्हणजे ताईनं पहिल्या दिवशी कंसात जे लिहिलं होतं, ते बरोबर होतं. तिनं अहवाल त्याच तासाला पाठवला. आयातदाराचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बंदरातली मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं, हे दोनच पर्याय उरले होते आणि त्यानं नष्ट करण्याला संमती दिली होती. अहवालाबद्दल त्यानं आभार मानले होते. नामांतराच्या कागदांत जो आठवडा गेला, तो हातात असता तर मुदत पुरली असती का, याचं उत्तर मी त्याच्याकडून मागवलं नाही.

माल नष्ट केल्याचा दाखला नाताळच्या आधी आला. त्यावर खोक्यांची संख्या, पद्धत आणि एक सही होती. जाळून, असं पद्धतीच्या रकान्यात लिहिलेलं होतं. ताईनं तो फाईलला लावला.

शेड संक्रांतीनंतर रिकामी झाली. भरणीचं मशीन वसाहतीतल्याच एका लोणचेवाल्यानं नेलं. दाजी पुन्हा विक्री प्रतिनिधी झाले. आता त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीची औषधं आहेत आणि रस्ता तोच आहे. ताई पूर्वीच्याच औषध कंपनीत, पूर्वीच्याच विभागात रुजू झाली. तिच्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिची वरिष्ठ आहे. परवाना ताईनं स्वतः कार्यालयात जाऊन परत केला. दोघं एकाच घरात राहतात. त्या शब्दाबद्दल घरात बोलणं होत नाही. मी गेलो तर दाजी मला पेपरवाले म्हणत नाहीत, नावानं हाक मारतात.

उन्हाच्या क्रीमचं देशी नाव दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्यानं विकत घेतलं. परदेशी खेपेतल्या काही ट्यूब नमुना म्हणून शिल्लक होत्या. त्या ताईनं शेवटच्या दिवशी बायकांना वाटल्या. वाटताना प्रत्येकीला आत काय आहे ते सांगितलं.

गेल्या महिन्यात ताई आणि मी वडिलांना डॉक्टरांना दाखवायला जामखेडला गेलो होतो. भरणीच्या मशीनवरची ती बाई आता गावीच असते, रोजानं शेतात जाते. बसस्थानकाजवळ ती भेटली. ट्यूब संपली का, असं ताईनं विचारलं. संपत आलीय, ती म्हणाली. रोज लावते. तिच्या चेहऱ्यावर काही लावलेलं दिसत नव्हतं. आज लावलं आहे का, असं ताईनं विचारलं.

“व्हय की,” ती म्हणाली. “तुमी सांगितलेलं ना, लावनाऱ्याला म्हाईत असतंय.”

वडिलांची औषधं घ्यायला आम्ही समोरच्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवर काचेच्या बरणीशेजारी तेच देशी क्रीम मांडलेलं होतं. नाव तेच होतं, कारखान्याचा पत्ता नवा होता. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत नॅनो होतं, पूर्वीपेक्षा मोठं. ताईनं एक ट्यूब उघडून बोटभर क्रीम हाताच्या पाठीवर चोळलं. ते पांढरं राहिलं नाही. तिनं ट्यूब उलटी करून घटकांची ओळ वाचली. झिंक ऑक्साईडनंतर स्वल्पविराम होता. त्याखाली लिहिलं होतं, फक्त भारतात विक्रीसाठी.